हार्ड डिस्कची पेटी आणि उष्णता

घरांतील मौल्यवान वस्तु कोठें ठेवाव्यात, हें संसारी माणसाला फारसें शिकवावें लागत नाहीं. दागिने तिजोरींत, खरेदीखतें कपाटांत, लोणच्याची बरणी कोरड्या फडताळांत आणि धान्य कडुलिंबाचा पाला घालून कणगींत, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. प्रत्येक वस्तूचा वैरी कोण, हें ठाऊक असल्यामुळेंच ती टिकली. दागिन्यांना चोराचें भय, कागदांना वाळवीचें, लोणच्याला ओलाव्याचें आणि धान्याला किडीचें. गेल्या वीसपंचवीस वर्षांत मात्र शहरांतील घरांत एका नव्या ठेवीची भर पडली आहे. लग्नमुंजींचीं छायाचित्रें, मुलांचे बोबडे बोल, हयात नसलेल्या आजोबांच्या आवाजाचें मुद्रण, संशोधकाचीं टिपणें, गवयाच्या मैफली, हें सर्व जाडशा पुस्तकाएवढ्या किंवा त्याहूनहि लहान अशा एका पेटींत सांठविलें जातें. बाजारांत हिला एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतात. या ठेवीचे वैरी पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील जो सर्वांत निमूटपणें काम करतो आणि म्हणून सर्वांत कमी ओळखला जातो, तो म्हणजे उष्णता. प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे.

हार्ड डिस्कचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं 'रॅमॅक' नांवाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली. तींत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकाच उभ्या दांड्यावर मिनिटाला १२०० फेरे घेत असत. तिचें वजन सुमारें एक टन होतें आणि सांठवण पन्नास लाख अक्षरांची होती. वाचणारीं टोंकें तबकडीला घासूं नयेत म्हणून दाबलेल्या हवेचा झोत सोडण्याची सोय तींत करावी लागली. पुढें १९८० सालीं सीगेट कंपनीनें तेवढीच सांठवण सव्वापांच इंची डिस्कमध्यें आणून दाखविली. या लहान डिस्क संगणकाच्या पोटांत बसत, आणि संगणकाचा पंखा त्यांच्याहि अंगावरून हवा खेळवीत असे. १९९६ सालीं यू. एस. बी. ही जोडणी आली, २००० सालीं तिची वेगवान आवृत्ति निघाली, आणि त्यानंतर संगणकाबाहेर राहणारी डिस्क घरोघर दिसूं लागली. एकत्र कुटुंबांतून निघून डिस्कनें स्वतंत्र बिऱ्हाड थाटलें खरें. परंतु त्या मोठ्या घरांतील वारा तिच्या वाट्याला राहिला नाहीं. दुकानदार ज्याला केसिंग म्हणतात, तें हें नवें बिऱ्हाड बहुधा बंद, अरुंद आणि खिडक्यांवांचून असतें. सारा प्रश्न येथून उत्पन्न होतो.

ही पेटी उघडून पाहिली तर आंत काय आढळतें? ॲल्युमिनियमच्या अथवा कांचेच्या गुळगुळीत तबकड्या, त्यांना फिरविणारी चक्री म्हणजेच मोटर, तबकडीच्या पृष्ठावरून मागेंपुढें सरकणारा एक हात आणि हाताच्या टोंकाला लिहिण्यावाचण्याचें सूक्ष्म साधन, अशी ही रचना असते. मेजावर ठेवावयाच्या मोठ्या डिस्कमध्यें तबकडीचा व्यास सुमारें ९५ मिलिमीटर असतो. ती मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशीं सुमारें १२९ किलोमीटर होतो. एवढ्या वेगानें धांवणाऱ्या पृष्ठापासून वाचणारें टोंक अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केंसाची जाडी या अंतराच्या हजारोंपट असते. असें हें नाजुक काम अहोरात्र चालावें अशी अपेक्षा असतांना त्या यंत्राला घाम फुटला तर नवल नाहीं.

ही उष्णता चार ठिकाणीं उत्पन्न होते. पहिलें ठिकाण मोटरची वेटोळीं. दुसरें ठिकाण ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, तें म्हणजे तबकडी आणि तिच्याभोंवतालची हवा यांचें घर्षण. वाऱ्याविरुद्ध सायकल चालविणाऱ्याला जो विरोध जाणवतो, तोच तबकडीलाहि होतो, आणि त्यावर मात करण्यासाठीं लागणारी शक्ति गतीच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ५४०० फेऱ्यांची तबकडी ७२०० फेऱ्यांनीं फिरविली, तर गति सव्वापटीहून थोडी अधिक होते, पण हवेशीं झगडण्यांत खर्च होणारी शक्ति दुपटीहून अधिक होते. तिसरें ठिकाण सरकणाऱ्या हाताला चालविणारें वेटोळें, आणि चौथें ठिकाण डिस्कच्या पोटाशीं बसविलेली विद्युत्‌पट्टी. पेटींत याशिवाय यू. एस. बी. ची भाषा डिस्कला समजावून सांगणारी एक लहानशी पट्टी असते. तीहि आपल्यापुरती ऊब देते. मोठी डिस्क काम करीत असतांना सुमारें ६ ते १० वॅट शक्ति घेते. प्रवासांत न्यावयाची लहान अडीच इंची डिस्क सुमारें दोन वॅटांवर भागविते. यांतील कोणतीहि शक्ति पेटींतून दुसऱ्या रूपानें बाहेर पडत नाहीं. जेवढी वीज आंत जाते तेवढी सगळी अखेर उष्णता होते, आणि ती बाहेर काढण्याची जबाबदारी पेटीवर येऊन पडते.

उष्णता वाढली म्हणजे बिघडतें काय? प्रत्येक धातु तापला कीं प्रसरण पावतो. वर सांगितलेली ॲल्युमिनियमची तबकडी २० अंशांनीं तापली तर तिची कड मध्यापासून सुमारें दोन शतांश मिलिमीटर दूर सरकते. हें अंतर क्षुल्लक वाटेल. परंतु तबकडीवरील माहितीच्या रेषा आज इतक्या दाट असतात कीं तेवढ्या अंतरांत शेंकडों रेषा मावतात. १९८० च्या सुमारच्या डिस्कमध्यें हात ठराविक टप्प्यांनीं सरके. त्यामुळें थंडींत लिहिलेलें उन्हाळ्यांत वाचतांना अडखळण्याचा धोका असे. आतां तबकडीवरच खुणा लिहिलेल्या असतात व हात त्या खुणांच्या मागें जातो, म्हणून हा दोष उरलेला नाहीं. पण इतर परिणाम शिल्लक आहेतच. मोटरच्या धारव्यांतील तेल तापून पातळ होतें, चिकट पदार्थ आणि रबरी भाग लवकर जीर्ण होतात, आणि विद्युत्‌पट्टीवरील घटकांचें आयुष्य घटतें. असा ऱ्हास एका दिवसांत दिसत नाहीं. जें यंत्र सहा वर्षें चाललें असतें तें तीन वर्षांतच 'टक्‌ टक्‌' आवाज करूं लागतें, आणि मालक मात्र दैवाला दोष देत बसतो.

किती उष्णता घातक, या प्रश्नाचें उत्तर एका आंकड्यांत देतां येत नाहीं. २००७ सालीं गूगल कंपनींतील पिन्हेरो, वेबर व बारोसो या संशोधकांनीं लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. अधिक उष्ण तेवढी अधिक नादुरुस्त, हा सरळ समज त्यांच्या आंकड्यांत टिकला नाहीं. नव्या डिस्क तर थंड असतांनाच अधिक बिघडलेल्या आढळल्या. परंतु तीन वर्षें व त्याहून अधिक वापरलेल्या डिस्कमध्यें ४५ अंशांच्या वर बिघाडाचें प्रमाण स्पष्टपणें वाढलेलें दिसलें. पुढें २०११ सालीं मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या संगणक-केंद्रांवरून केलेल्या अभ्यासांत तपमान आणि बिघाड यांचा निकटचा संबंध दाखविला गेला. दोन्ही पाहण्यांतील डिस्क जेथें हवेची व्यवस्था तज्ज्ञांच्या हातीं असते अशा जागीं होत्या, ही गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. त्यांवरून गृहस्थानें घ्यावयाचा बोध इतकाच कीं, डिस्क बर्फासारखी गार ठेवण्यांत कांहीं पुण्य नाहीं. ती तीस आणि पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान सुखानें नांदते. पन्नाशी गांठली तर लक्ष घालावें, आणि साठीच्या जवळ तिला कधींहि जाऊं देऊं नये.

ही साठी कोठून आली? बहुतेक उत्पादक आपल्या डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश सेंटिग्रेड अशी छापतात. परंतु तीच डिस्क पेटींत बंद होऊन विकावयास आली कीं पेटीच्या माहितीपत्रकांत पुष्कळदां निराळा आंकडा असतो: भोंवतालची हवा ३५ अंशांहून अधिक उष्ण नसावी. पहिला आंकडा डिस्कच्या अंगाचा आहे आणि दुसरा खोलींतील हवेचा. या दोहोंमधील पंचवीस अंश म्हणजे बंद पेटींत राहण्याबद्दल डिस्कला द्यावा लागणारा कर होय. नागपूर, अकोला, चंद्रपूर या गांवीं मे महिन्यांत बाहेर पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पंखा चालूं असलेल्या खोलींतहि दुपारीं ३८-४० अंश सहज भरतात. तेथें पेटीची ही अट दररोज कांहीं तास मोडलेलीच असते. चाळीस अंशांत पंचवीस मिळविले म्हणजे पांसष्ट होतात, हा हिशेब शाळकरी मुलालाहि करतां येईल.

हा कर कमी करावयाचा तर तो कोठें भरला जातो तें पाहिलें पाहिजे. समजा, मोठ्या डिस्कची पेटी २० सेंटिमीटर लांब, १२ रुंद व ४ जाड आहे. तिच्या सहाहि बाजूंचें क्षेत्रफळ सुमारें ७३५ चौरस सेंटिमीटर भरतें. स्थिर हवेंत एवढें पृष्ठ भोंवतालच्यापेक्षां एक अंश उष्ण असतां पाऊण वॅटाच्या आसपास उष्णता बाहेर टाकतें. आंत आठ वॅट निर्माण होत असतील, तर पेटीचें बाहेरचें अंगच खोलीहून दहाअकरा अंशांनीं तापणार. हा झाला कराचा पहिला हप्ता. दुसरा हप्ता आंत द्यावा लागतो. डिस्क आणि पेटी यांच्यामध्यें हवेची पोकळी असते, आणि कोंडलेली हवा ही उष्णतेची वाट अडविणाऱ्या पदार्थांत फार वरच्या पंक्तीची आहे. थंडींत गोधडी ऊब देते ती कापडामुळें तितकी नव्हे जितकी तींत अडकलेल्या हवेमुळें. पेटींतील पोकळी म्हणजे डिस्कला उन्हाळ्यांत पांघरलेली गोधडीच होय. तिच्यामुळें आणखी दहापंधरा अंशांची भर पडते.

यावरून चांगल्या पेटीचें पहिलें लक्षण हाताशीं येतें. ती धातूची असावी आणि तिचा धातु डिस्कच्या अंगाला भिडलेला असावा. ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यांत साध्या प्लॅस्टिकपेक्षां सुमारें हजारपट तत्पर आहे. परंतु नुसती ॲल्युमिनियमची पेटी घेऊन आंत पोकळी तशीच राहूं दिली तर अर्धाच लाभ होतो. डिस्कची पाठ अथवा बाजू पेटीच्या भिंतीला मऊ उष्णतावाहक गादीनें जोडली, म्हणजे गोधडी फाटते व उष्णतेला थेट वाट मिळते. इथें एक अडचण उद्भवते. डिस्कचा कंप मेजावर उतरूं नये म्हणून कांहीं कारागीर तिला रबरी बुचांवर बसवितात. रबर कंपाबरोबर उष्णतेलाहि अडवितें. म्हणून रबर पेटीच्या पायांना असावें आणि डिस्कपासून भिंतीपर्यंत धातु असावा, ही विभागणी शहाणपणाची. विजेचा अॅडॅप्टर पेटीबाहेर असणें हेंहि इष्टच. त्याची ऊब निदान घराबाहेर राहते.

लहान अडीच इंची डिस्कची स्थिति बरीच सुखाची असते. दोन वॅटांची ऊब तिच्या इवल्याशा पेटीलाहि पेलते. पण मालक तिला प्रवासाच्या मऊ पाउचमध्यें ठेवून, चेन लावून, तारेपुरती फट ठेवतो आणि तशीच तासन्‌तास चालवितो. पाउच हें प्रवासांतील धक्क्यांसाठीं असतें. काम करतांना तें उतरविलेंच पाहिजे.

पंख्याविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. पंखा हवेला गार करीत नाहीं. पंख्याखालीं माणसाला गारवा वाटतो तो अंगावरचा घाम वाळल्यामुळें. माठांतील पाणी गार होतें तेंहि मडक्याच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाळल्यामुळें. डिस्कला घाम नाहीं आणि तिच्या अंगांतून कांहीं पाझरत नाहीं. म्हणून कितीहि मोठा पंखा लावला तरी डिस्क खोलीच्या हवेपेक्षां गार होणार नाहीं. मग पंख्याचा उपयोग काय? डिस्कभोंवतीं तापून थबकलेली हवा तो हलवितो आणि तिच्या जागीं ताजी हवा आणतो. त्यामुळें डिस्क व खोली यांच्यामधील अंतर कमी होतें, म्हणजे कर घटतो. मूळ भांडवल, जें खोलीचें तपमान, तें तसेंच राहतें. पेटींत बसविलेला लहान पंखा हें काम उत्तम करतो. मात्र तो हलक्या प्रतीचा असेल तर वर्षभरांत खडखडूं लागतो, धुळीनें त्याच्या जाळ्या बुजतात, आणि बंद पडलेला पंखा नसलेल्या पंख्याहून वाईट, कारण मालक त्याच्या भरंवशावर निश्चिंत असतो. पेटीला पंखा असेल तर ती दर दोनतीन महिन्यांनीं, वीज काढून, कोरड्या कुंचल्यानें साफ करावी. पंखा नसेल तर छताचा पंखा कांहीं लहान साहाय्यकर्ता नव्हे. पंख्याखालच्या मेजावर उघडी ठेवलेली धातूची पेटी बंद कपाटांतील महागड्या पेटीहून सुखी असते.

जागेची निवड ही बिनपैशाची युक्ति आहे आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. तापलेली हवा वर जाते, म्हणून पेटीचीं रुंद पृष्ठें उभीं असावींत. दोहों अंगांनीं हवा चढूं लागते. आडवी ठेवल्यास खालचें अंग मेजावर दडपलें जातें. उभी पेटी पडण्याचें भय असेल तर आडवीच ठेवावी, पण खालीं चार बुचें देऊन बोटभर उंच करावी. चालूं डिस्कला पडझड ही उष्णतेहून शतपट घातक आहे. गादीवर, सोफ्यावर किंवा उशीवर ती कधींहि ठेवूं नये. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर, राउटरवर किंवा दुसऱ्या डिस्कच्या पेटीवर रचून ठेवणें म्हणजे चुलीवर चूल मांडण्यासारखें आहे. पश्चिमेच्या खिडकींतून तिन्हीसांजेपर्यंत येणारें ऊनहि टाळावें.

कामाच्या वेळेचाहि विचार करावा. तपमान चढावयास मोठ्या डिस्कला तास-दीड तास लागतो. एक टेराबाइट मजकूर सेकंदाला शंभर मेगाबाइटांच्या वेगानें उतरवून घेण्यास पावणेतीन तासांहून थोडें अधिक लागतें. म्हणजे असें मोठें काम डिस्कला उष्णतेच्या शिखरावर नेऊन तेथेंच राबविणारें असतें. विदर्भांतील गृहिणीनें पापड-कुरडयांसाठीं दुपारचें ऊन निवडावें. डिस्कचा मालक असेल त्यानें नकलेसाठीं पहांट निवडावी, आणि काम दोन बैठकींत विभागावें. काम संपलें कीं संगणकाला रीतसर सांगून डिस्क वेगळी करावी. वर्षांतून चार वेळां लागणारी डिस्क बारा महिने फिरती ठेवण्यांत कांहीं अर्थ नाहीं. थांबलेल्या डिस्कला कोणतीहि पेटी पुरते.

कांहीं उपाय रोगाहून भयंकर आहेत. तापलेली डिस्क शीतकपाटांत ठेवणें किंवा तिच्यावर ओला रुमाल टाकणें हे त्यांतले. मुंबई-कोंकणाच्या दमट हवेंत गार वस्तु बाहेर काढली कीं तिच्यावर दंव धरतें. चष्म्याच्या कांचा ज्या कारणानें धुरकटतात तेंच हें कारण. बहुतेक डिस्कना आंतील व बाहेरील हवेचा दाब सारखा राखण्यासाठीं गाळणी लावलेलें एक बारीक छिद्र असतें. ओलसर हवेला तेथून वाट आहे, म्हणून गारठलेली डिस्क खोलीच्या तपमानाला येईपर्यंत चालूं करूं नये. वातानुकूलित खोलींतून पावसाळी हवेंत आणलेल्या डिस्कलाहि अर्धा-एक तास विश्रांति द्यावी. तें छिद्र चिकटपट्टीनें बुजविणेंहि अयोग्य. हेलियम वायु भरलेल्या, पूर्णपणें बंद अशा डिस्क निराळ्या; त्यांना असें छिद्र नसतें.

डिस्कला ताप आहे कीं नाहीं, हें ओळखणें कठीण नाहीं. प्रत्येक आधुनिक डिस्कच्या अंगांतच तपमापक असतो, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी मोफत मिळणारी साधनें तो आंकडा संगणकाच्या पडद्यावर दाखवितात. कांहीं जुन्या पेट्यांतील पट्टी हा निरोप पोंचवीत नाहीं. तेथें हातानें पाहावें. धातूच्या पेटीवर तळहात दहा सेकंद सुखानें टेकतां येत असेल तर चिंता नाहीं. हात मागें घ्यावासा वाटला तर काम थांबवावें. प्लॅस्टिकच्या पेटीला मात्र ही परीक्षा लागूं पडत नाहीं, कारण तिचें अंग कोमट आणि पोट तापलेलें असूं शकतें. आंकडा पाहावयाचा तो डिस्क नुकती चालूं केल्यावर नव्हे, तर दोन तासांच्या कामानंतर, आणि शक्य तर मे महिन्यांतील दुपारीं.

ही सर्व काळजी घेऊनहि एक सत्य उरतेंच. उष्णतेचें निवारण केल्यानें डिस्कचें आयुष्य वाढतें. तिला अमरत्व येत नाहीं. गूगलच्या त्या पाहणींत थंड राहिलेल्या डिस्कहि बिघडल्या होत्या. म्हणून ज्या घरांत आजोबांचा आवाज एकाच पेटींत आहे, त्या घरानें चांगल्या केसिंगवर पैसे खर्चण्यापूर्वीं दुसरी डिस्क विकत घ्यावी, तिच्यावर सर्व कांहीं उतरवून घ्यावें आणि ती भावाच्या किंवा मुलीच्या घरीं ठेवावी. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या साफसफाईंत आठवणीनें, दोन्ही डिस्क चालूं करून आंतील फाइली उघडतात कीं नाहीं तें पाहावें. ज्या घरीं हें होईल, त्या घरीं उन्हाळ्यानें एखादी डिस्क नेली तरी आजोबांचा आवाज राहील.